कुंडीतल्या झाडांना पाणी: मुंबईच्या हवेत कधी, किती आणि कसं?

वळचण

पावसाळा सरला की बागकामाच्या प्रत्येक गटात एकच प्रश्न फिरायला लागतो. "पानं पिवळी पडतायत, कुठलं खत घालू?" लगेच खाली चार खतं आणि दोन फवारण्या सुचवल्या जातात. पाणी किती घालता, कशावरून ठरवता, हे मात्र कुणी विचारत नाही. कुंडीतली झाडं जातात ती बहुतेक पाण्यापायी, आणि घरातली झाडं तर तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच जातात. म्हणून फक्त पाण्यासाठी हा वेगळा धागा.

मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. पाणी घातलं की त्या भरतात, निचरा झाला की उतरत्या पाण्यामागोमाग वरून ताजी हवा आत ओढली जाते. माती सतत चिंब राहिली की हे चक्र थांबतं, मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, त्यामुळे झाड माना टाकतं. घात होतो तो इथेच. मलूल झाड बघून आपल्याला वाटतं ते तहानलंय, आणि आपण आणखी एक तांब्या ओततो. तेव्हा झाड कोमेजलेलं दिसलं की आधी मातीला हात लावा. माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली आणि पानं लोळलेली असतील तर पाणी तिथल्या तिथे बंद.

"आठवड्यातून किती वेळा?" याला खरंच उत्तर नाही. एकच मनी प्लांट मे महिन्यात गॅलरीत रोज पाणी पितो आणि जुलैत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आठ-दहा दिवस मागत नाही. रोज बघायची सवय लावा. घालायचं ते गरज दिसली तरच.

बघायला बोट पुरतं. दोन पेरं आत घाला, ओल लागली तर उद्या बघू. मोठ्या कुंडीत मी खराट्याचा हीर वापरते. कुंडीच्या कडेने तळापर्यंत खोचायचा, पाच-दहा मिनिटं ठेवायचा, मग काढून बोटांत धरायचा. वरचा भाग कोरडा, मधला गार, खालच्या टोकाला माती चिकटलेली, असं सगळं त्या एका काडीवर वाचता येतं. लहान कुंडी असेल तर उचलून बघा. पाणी घातल्यावर एकदा आणि सुकल्यावर एकदा उचललीत की वजन हाताला कळायला लागतं.

आणि घालाल तेव्हा पोटभर घाला. सगळ्या मातीवर फिरवत, मध्ये थांबत, खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत. मग पुन्हा गरज दिसेपर्यंत हात लावू नका. रोज घोटभर पाणी हा सगळ्यात वाईट प्रकार. वरचा इंचभर थर कायम ओला राहतो, त्यात चिलटं होतात, तळाची मुळं कोरडी राहतात आणि पाण्यातले व खतातले क्षार धुऊन न जाता कुंडीतच साठतात.

तुमच्याकडे काय पद्धत आहे, कुठे अडतंय, लिहा.

खिडकीतलीबाग

छान धागा. पण "भोकातून पाणी येईपर्यंत" हे आम्हाला जमणार कसं? बोरिवलीला चौथ्या मजल्यावर राहते, गॅलरी नाही, सगळ्या कुंड्या खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये. खालच्या वहिनींचे कपडे बरोबर त्याखाली वाळत असतात. जरा पाणी ठिबकलं की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो. म्हणून सगळ्यांना कपभरच पाणी जातं.

चाळकरी

वहिनींचं चुकत नाहीये, मातकट पाण्याचे डाग कपड्यावरून जात नाहीत. आम्ही ग्रिलमध्ये प्रत्येक कुंडीखाली खोल ताटली ठेवतो, वाहून आलेलं पाणी अर्ध्या तासात काढून टाकतो. कुंडी उचलवत नसेल तर मोठ्या सिरिंजने ताटलीतलं पाणी ओढून घेता येतं. लहान कुंड्या आठ-दहा दिवसांतून एकदा मोरीत नेऊन भरपूर पाणी घालतो, निथळू देतो, मग जागेवर. पानंही धुऊन निघतात. रस्त्याकडेच्या खिडकीत पानांवर धुळीचा थर बसतो तो असाच जातो.

ताटलीत पाणी ठेवायचं नाही, मग ते मुळांसाठी असो की डासांसाठी. डेंग्यूचा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि सुकली तरी काही महिने तग धरतात. त्यामुळे पाणी नुसतं ओतून भागत नाही, आठवड्याला ताटली आतून घासायची. बाटलीतला मनी प्लांट आणि शोभेचा बांबू यांचंही तेच. पालिकेची माणसं पावसाळ्यात घरी येतात तेव्हा सगळ्यात आधी हीच भांडी बघतात.

खिडकीतलीबाग

सिरिंजची युक्ती आवडली, धन्यवाद. रविवारी मोरीचा कार्यक्रम करते.

निवडुंग

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे किंवा खडे घालायचे, हे सगळेच सांगतात. तळाला दोन इंच खडे आणि वर माती, असं केलं की पाणी जास्त झालं तरी चालतं ना?

मृद्गंध

नाही चालत, उलट नुकसान होतं. हे थोडं सविस्तर लिहितो, कारण हा समज फार पक्का बसलाय.

बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांमध्ये सहजासहजी उतरत नाही. मातीच्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. मातीचा सर्वांत खालचा थर पूर्ण भरून ओसंडेपर्यंत ते खड्यांत पडतच नाही. म्हणजे निचरा झाल्यावरही मातीच्या बुडाशी एक चिंब पट्टा शिल्लक राहतो. खडे नसतील तर तो कुंडीच्या तळाशी असतो. दोन इंच खडे घातले की तोच पट्टा दोन इंच वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ.

पटत नसेल तर भांडी घासायचा आयताकृती स्पंज घ्या. पाण्यात भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. उथळ कुंडीतली माती आडव्या स्पंजासारखी, जास्त भाग ओला राहणारी. उंच कुंडीत त्याच मातीचा बराच भाग मोकळा होतो. म्हणून अडेनियमला, निवडुंगाला उथळ पसरट कुंडी द्यायची असेल तर मातीत भरड वाळू, बारीक विटेचा चुरा किंवा कोळशाचे तुकडे भरपूर मिसळा. मिसळा म्हणतोय, तळाला पसरू नका. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे.

निवडुंग

इतकी वर्षं खडे घालणाऱ्यांची झाडं जगतात, ती कशी मग?

मृद्गंध

मातीच्या कुंडीत असतील आणि उन्हात असतील. मातीची कुंडी अंगातून पाणी बाहेर टाकते, त्यामुळे बाजूनेही माती सुकते. प्लास्टिकच्या किंवा चिनी मातीच्या कुंडीत पाण्याला वर आणि खाली एवढ्या दोनच वाटा.

जाई_जुई

माझा प्रश्न वेगळा आहे. रोपवाटिकेतून आणलेला मोगरा कोकोपीट, शेणखत आणि माती अशा भुसभुशीत मिश्रणात लावला. वरून पाणी घातलं की झरझर खाली येतं, मिश्रण छान ओलं लागतं, तरी मोगरा सुकत चाललाय. कुठे अडलंय?

वळचण

जाई_जुई, पिशवीतला लाल मातीचा गोळा तसाच लावलात का? आपल्याकडे येणारी बरीच रोपं पुण्याजवळच्या उरुळी कांचन भागातून, नाहीतर थेट आंध्रातल्या कडियमहून येतात. प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून चिकण लाल माती घट्ट दाबून भरलेली असते. हा गोळा एकदा वाळला की विटेसारखा होतो आणि आकसतो. तुम्ही घातलेलं पाणी त्याच्या कडेने, मोकळ्या मिश्रणातून सरळ खाली जातं. मुळं अजून त्या गोळ्यातच आहेत, तिथे थेंब पोचत नाही.

हीर मिश्रणात खोचू नका, खोडापासून दोन बोटांवर खोचा. आत शिरतच नसेल तर समजा गोळा कोरडा आहे. आख्खी कुंडी मातीच्या वरपर्यंत पाणी येईल अशी बादलीत ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की काढा, नीट निथळू द्या.

आणि हाच गोळा पावसाळ्यात उलटं वागतो. वरचं कोकोपीट सुकलेलं दिसतं, आत चिकण माती आठवडाभर ओली. आपण वर बघून पाणी घालतो आणि मूळ कुजतं. म्हणून नवीन रोप लावतानाच गोळा पाण्यात भिजवून बाहेरची माती बोटांनी हलके सोडवावी, मुळांची टोकं मोकळी करावी. सगळी माती धुऊन काढायच्या मागे लागू नका, मोगरा ते सहन करेलच असं नाही. हे काम जूनअखेरीस, हवा दमट आणि ढगाळ असताना करावं. मेच्या उन्हात मुळं उघडी करू नयेत.

जाई_जुई

हीर शिरलाच नाही! आत्ता बादलीत ठेवलाय. बुडबुडे अजून येतायत.

सोनटक्का

तुळशीबद्दल कुणीतरी सांगा. सासूबाई रोज आंघोळ करून तुळशीला तांब्याभर पाणी घालतात. फ्लॅटमधलं वृंदावन, खाली भोक नाही. दर पावसाळ्यात तुळस जाते आणि त्यांना ते मनाला लागतं, घरावर काहीतरी येणार असं वाटत राहतं. पाणी घालू नका असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

पळीपंचपात्र

सोनटक्का, घालू नका असं सांगायची गरजच नाही. माझ्या आईशी बोलताना मी एवढंच म्हटलं की पूजेचं पाणी पळीने घालू या, तुळशीला पाजायचं पाणी मी बघते. पळीभर पाण्याने कुंडीचं काही बिघडत नाही आणि नेमही मोडत नाही. तिला ते लगेच पटलं.

वृंदावनाला ड्रिलने भोक पाडून घ्या, मार्बलचं काम करणारा पाच मिनिटांत करून देतो. तसं करायचं नसेल तर तुळस भोकाच्या साध्या कुंडीत लावून ती कुंडी वृंदावनात विटेच्या तुकड्यावर ठेवा. साचलेलं पाणी काढता येतं आणि तुळस बदलायची झाली तर वृंदावन हलवावं लागत नाही. तुळशीला चार-पाच तास ऊन हवंच. आषाढ-श्रावणात ते मिळत नाही, त्यात रोज तांब्याभर पाणी, मग मुळं कुजणार. मंजिऱ्या वेळेवर खुडत जा, बी धरलं की तुळस वठायला लागते. कुंडीतली तुळस अशीही दोन-तीन वर्षांचीच सोबत. सासूबाईंना हे नक्की सांगा. मंजिरीतून नवी रोपं करून ठेवली की वृंदावन रिकामं राहत नाही. घरावर काही येत नाही, मुळांना हवा कमी पडते एवढंच.

सोनटक्का

हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. आज संध्याकाळी त्यांना वाचून दाखवते.

गच्चीवरून

थोडं वेगळं मत मांडतो. ठाण्याला पश्चिमेच्या उघड्या गच्चीवर माझी जास्वंद, मिरची, टोमॅटो, कढीपत्ता आहे. सगळं मातीच्या कुंड्यांत आणि ग्रो बॅगमध्ये. एप्रिल-मेत मी सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळ पाणी घालतो आणि त्याशिवाय झाडं टिकणार नाहीत. "कमी पाणी घाला" हा सल्ला वाचून कुणी गच्चीवरची मिरची वाळवू नये. टोमॅटोचं तर पाणी एक दिवस चुकलं आणि दुसऱ्या दिवशी धो धो घातलं की फळाच्या बुडाशी काळा डाग पडतो. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं, पाण्यात खंड पडला की तेही तुटतं. लोक मग चुना घालत बसतात.

आणखी एक, मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी थेट घालू नका. पाइपात तापलेलं पहिलं पाणी हात पोळण्याइतकं कढत असतं. सकाळी लवकर घाला, तेव्हा टाकी आणि माती दोन्ही गार असतात.

वळचण

गच्चीवरून, तुमचं अगदी बरोबर आहे आणि हे लिहिलंत ते बरं झालं. धाग्याचा मुद्दा "कमी घाला" असा नाहीच. तुमच्या गच्चीवर कुंडी सकाळ-संध्याकाळ सुकते, म्हणून दोनदा घालायचं. तोच कढीपत्ता कुणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला तर दोनदा घालून महिन्याभरात जाईल.

मुंबईच्या वर्षाबद्दलही लिहायचं राहिलं होतं. हवामान खात्याच्या हिशेबाने आपल्याकडे पाऊस सरासरी 11 जूनला येतो आणि 8 ऑक्टोबरच्या सुमारास परततो. खरा धोका या दोन वळणांवर. जूनमध्ये उन्हाळ्याचा हात चालूच राहतो आणि झाडं बुडतात. ऑक्टोबरमध्ये उलट. पावसाळ्यात पानं भरपूर, मोठी, लुसलुशीत झालेली असतात, तेवढ्याच पानांतून आता उन्हात पाणी उडायला लागतं आणि आपला हात आखडलेलाच. ऑक्टोबर हीटमध्ये झाड दुपारी लोळलं तर आधी माती बघा. माती ओली असेल आणि संध्याकाळी ते आपोआप ताठ झालं तर फक्त उन्हाचा ताण होता, सावली द्या.

बाहेर धो धो पाऊस म्हणजे कुंडी भिजली, असंही समजू नका. छज्जाखाली आतल्या रांगेतल्या कुंड्या भर जुलैत कोरड्या ठणठणीत सापडतात. मोठ्या पानांची झाडं छत्रीसारखा पाऊस कुंडीबाहेर टाकतात.

दक्षिणेची गॅलरी असणाऱ्यांसाठी खास. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे वरच्या मजल्याचा स्लॅब तुमच्या गॅलरीतलं ऊन अडवतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि तेच ऊन गॅलरीत आत भिंतीपर्यंत येतं. थंडी आहे म्हणून पाणी कमी करायचं, तर या गॅलरीत डिसेंबरच्या दुपारीच कुंड्या जास्त सुकतात. त्यात हवाही कोरडी.

डबेवाली_बाग

जूनच्या तोंडावर तलाव आटले की पाणीकपात लागते, तेव्हा झाडांना पिण्याचं पाणी घालायला जिवावर येतं. एसीचं पाणी आणि आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी चालतं का? आणि तांदूळ-डाळ धुतलेलं?

चाळकरी

एसीचं पाणी बिनधास्त वापरा. हवेतली वाफ गार होऊन पडलेलं पाणी, क्षार जवळपास नसतातच. दमट दिवसांत बादली भरते. फक्त नळीतून येणारी धूळ-शेवाळ बघा आणि बादली झाकून ठेवा, पुन्हा डास.

आरओचं टाकाऊ पाणी तुमच्या मूळ पाण्यावर अवलंबून आहे. पालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा, विहार अशा तलावांचं, म्हणजे पावसाचंच, क्षार कमी. त्यातून निघालेलं टाकाऊ पाणी झाडांना आलटून पालटून चालतं. सोसायटीत बोअरवेल किंवा टँकरचं पाणी येत असेल तर ते फरशी पुसायला ठेवा, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं करपतात.

तांदूळ-डाळीचं पाणी ताजं असेल तर उत्तम, फक्त मीठ नको. साठवून आंबवलेलं घरातल्या कुंडीत घालू नका, वास आणि चिलटं दोन्ही होतात.

कोकणकन्या

मे महिन्यात पंधरा दिवस गावी जायचंय. शेजाऱ्यांकडे चावी देता येणार नाही. काय करू?

मृद्गंध

सगळ्या कुंड्या उन्हातून काढून घरात, उजेडाच्या पण सावलीच्या जागी एकत्र दाटीने ठेवा. नुसत्या सावलीनेच पाण्याची गरज खूप उतरते. मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा वाळकी पानं अंथरा. मग वातीची सोय: जाड सुती दोरी आधी पाण्यात पूर्ण भिजवायची, एक टोक कुंडीत चार बोटं खोल, दुसरं टोक पाण्याच्या बादलीच्या तळाशी. बादलीतलं पाणी कुंडीतल्या दोरीच्या टोकापेक्षा खालच्या पातळीला असावं, नाहीतर पाणी उतारावरून वाहून कुंडी भरून ओसंडेल. बादलीवर झाकण. मोठ्या झाडाला दोन-तीन दोऱ्या लागतात. निघायच्या आठवडाभर आधी लावून बघा, कुठली दोरी पाणी ओढते आणि कुठली नाही ते तेव्हाच कळतं.

स्नेक प्लांट, झेडझेड, अडेनियम यांना काहीही लावू नका. झेडझेडच्या कंदात आणि अडेनियमच्या फुगीर खोडात पाणी साठलेलं असतं. निघताना एकदा पाणी घाला, पंधरा दिवस त्यांना जड नाहीत.

कोकणकन्या

खूप आभार. एक छोटी शंका, मनी प्लांटच्या पानांच्या टोकाला सकाळी पाण्याचे थेंब दिसतात. जास्त पाण्याचं लक्षण का?

मृद्गंध

रोग नाही. रात्री हवा दमट असते, पानांतून वाफ जात नाही, मुळं मात्र पाणी ढकलत असतात. ते पानांच्या टोकाशी थेंबाच्या रूपाने बाहेर येतं. माती चांगली ओली आहे एवढंच त्यातून कळतं. रोजच दिसत असेल तर पुढचं पाणी लांबवा.

जुलै_जुलाब_पानांचा

पीस लिली ऑफिसमधून घरी आणलीय. पानं लोळलेली, काही पिवळी, माती ओली. वर सांगितल्याप्रमाणे पाणी बंद केलं, चार दिवस झाले, फरक नाही. वाचेल का?

वळचण

पीस लिली तहानेने लोळते तेव्हा पाणी मिळाल्यावर काही तासांत ताठ होते. तुमची माती ओली असून लोळली आहे, म्हणजे मुळं बघायला हवीत. कुंडी आडवी करून बाजूंनी थोपटा, गोळा अलगद बाहेर काढा. आधी वास घ्या. नुसत्या ओल्या मातीचा वास असेल तर गोळा वर्तमानपत्रावर तास-दोन तास ठेवून परत कुंडीत घाला. गटारासारखा आंबूस वास असेल तर माती झाडून मुळं नळाखाली धुवा. पांढरी, कडक मुळं ठेवा. तपकिरी, मऊ, चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल निघून आत दोऱ्यासारखी शीर उरते ती सगळी कात्रीने कापा. जेवढी मुळं गेली त्या मानाने पानंही कमी करा, पिवळी आधी. उरलेल्या मुळांच्या मापाची लहान कुंडी, नवी मोकळी माती, एकदाच पाणी, आणि उजेडात पण उन्हाबाहेर. खत अजिबात नको.

मुळांचा फोटो इथे टाका, कुठवर कापायचं ते बघून सांगते.